पक्ष्यांनी माना फिरवल्या

१

पेटी उघडली आणि प्रोफेसर बाहेर आले. प्रत्येक खेळात ते असेच बाहेर यायचे, दोन्ही हात पसरून, हसत. या वेळी ते तोंडावर पडले आणि पडले ते उठलेच नाहीत.

पेटी उघडणारी त्यांची थोरली बहीण किंचाळली. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत चहा पीत बसलेले तिघे स्टेजवर धावले: प्रोफेसरांची मुलगी, त्यांचा धाकटा भाऊ आणि थिएटरचा मॅनेजर. भावाने नाडी पाहिली, मॅनेजरने डॉक्टरांना फोन लावला. मुलगी मात्र वडिलांकडे न बघता पेटीकडेच बघत राहिली. "मी रिकामी ठेवली," एवढंच ती म्हणाली.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा स्टेजवर चिटपाखरू नव्हतं. सगळे दाराशी एकमेकांना चिकटून उभे होते. बाईंना जादूचे खेळ लहानपणापासून आवडत नसत. तिकीट काढून फसवून घ्यायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार त्यांच्या डोक्यात जायचा. पेटीकडे त्यांनी सासरच्या अगोचर माणसाकडे बघावं तसं बघितलं. माणूस उभा मावेल एवढी, कपाटासारखी, मधोमध एक खांब, आतून लाल कापड, कापडावर छापील पक्षी. बाकी काही नाही.

चौघांची जबानी एकच होती. प्रोफेसरांनी सगळ्यांना सकाळी बोलावलं होतं, पण स्वतः कुठे दिसेनात. धाकट्या भावाने सगळ्यांदेखत पेटी उघडून पाहिली. रिकामी होती. बहिणीने दार लावून बाहेरून कडी घातली. मग चौघं समोर बसून वाट बघत राहिले, पेटी डोळ्यांसमोर. कोणी जवळ गेलं नाही. शेवटी बहीण उठली, "पुन्हा एकदा बघते," म्हणाली, आणि दार उघडलं तर आत प्रोफेसर.

"दमा होता," डॉक्टर म्हणाले. "श्वास कोंडून गेलेत. पंप त्यांच्या ड्रेसिंग टेबलावर राहिला. कधी गेले ते आत्ता सांगता यायचं नाही. पण हात बघा."

बोटांची सालं निघाली होती. कशावर तरी ठोकत होते. कोटाच्या खिशात एक पितळी मूठ निघाली, स्क्रूसकट उपटलेली, आणि पेटीत उंबऱ्यालगत एक सुताराची चपटी पेन्सिल पडलेली होती.

"बाई," हवालदार हळूच म्हणाला, "पेटीने धरलं हो त्यांना."

"तुम्हाला धरणार नाही. तुम्ही मावणार नाही," बाई म्हणाल्या. पण सील लावताना त्यांनीही हात जरा लवकरच मागे घेतला.

२

दुसऱ्या दिवशी बाई मुलीला भेटल्या. बिट्टी म्हणायचे तिला सगळे, कॉलेज संपवलेली असली तरी. स्टेजमागच्या कपड्यांच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर एक कापडी बाहुली, बाहुलीच्या खांद्यात सुई अजून टोचलेली. शेजारचं ताट तसंच झाकलेलं होतं. कालपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"ही पेटीत बसते," बिट्टी म्हणाली. "आजोबांनी पेटी बनवली तेव्हापासून. खेळाआधी बाहेर काढायची, खेळ संपला की आत. पेटी रिकामी बंद करायची नसते, मॅडम."

"का गं?"

"रिकामी पेटी माणूस शोधते."

एरवी बाईंना हसू आवरलं नसतं. पण पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"आदल्या संध्याकाळी हिची शिवण उसवलेली दिसली. बाबांना विचारूनच घरी नेली. सकाळी आणायला विसरले. रात्रभर पेटी रिकामी होती."

"तू तर रोज त्या पेटीत जातेस. गायब होतेस. ही सगळी युक्ती आहे हे तुला माहीत असणार."

"युक्ती मला माहीत आहे. पेटीला काय माहीत आहे ते मला माहीत नाही." तिने बाहुलीचा हात सरळ केला. "आत्या म्हणाली, बाहुली नेलीस आणि बाप दिलास. खरंच आहे ते."

चोर-दरोडेखोर परवडले, स्वतःला फाशी देत बसलेल्या पोरीचं काय करायचं? डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या डोक्यातलं हे निघालं नाही तर दुसरं प्रेत उचलायची तयारी ठेवा.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," बिट्टी म्हणाली. "काकांनी पेटी उघडली तेव्हा पक्ष्यांनी माना फिरवल्या होत्या."

"कुठल्या पक्ष्यांनी?"

"आतल्या कापडावरच्या. मागच्या भिंतीवरचे सगळे उजवीकडे बघतात. लहानपणी मी त्यांच्याशी बोलायचे, मला पाठ आहेत ते. त्या सकाळी सगळे डावीकडे बघत होते. जणू त्यांना बघवत नव्हतं."

"कोणाला सांगितलंस?"

"आत्याला म्हटलं, मी पळत जाऊन बाहुली घेऊन येते. ती म्हणाली, राहू दे आता, बस. आणि दार लावलं."

बाई तडक स्टेजवर गेल्या, सील तोडलं, दार उघडलं. हवालदाराने टॉर्च धरला आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली.

मागच्या भिंतीवरचे सगळे पक्षी मुकाट्याने उजवीकडे बघत होते.

३

मॅनेजर दुःखात होता, पण त्याच्या दुःखाला फोन फार येत होते.

"लोक विचारतायत, ती पेटी बघायला मिळेल का? आता काय सांगायचं मॅडम!" त्याने डोळे पुसले आणि फोन उलटा ठेवला.

"तुमचं तर बरंच झालं मग."

"असं नका बोलू. उलट माझं वाटोळंच व्हायचं होतं. त्या दिवशी प्रोफेसर पेटी कायमची बंद करणार होते. शेवटच्या खेळात लोकांना ती उघडून दाखवणार होते, आत काय गंमत आहे ती. मी हातापाया पडलो. म्हणाले, लोक माझ्याकडे मेलेली माणसं मागायला येतात, मला हे सहन होत नाही."

"मेलेली माणसं?"

"खेळ संपल्यावर थांबायचे ना. कोणाचा नवरा, कोणाचं पोर. पेटी माणूस परत आणते, तर आमचंही आणा. प्रोफेसर त्यांना टाळायचे. अक्का मात्र त्यांना आत बसवायच्या, पाणी द्यायच्या." अक्का म्हणजे थोरली बहीण. "अक्कांचा फार विश्वास पेटीवर. एकदा दुसऱ्या गावी बाहुली सापडेना, तर या बाईने पायातली चप्पल काढून आत टाकली, पण दार रिकाम्या पेटीवर लावू दिलं नाही. धाकटे भाऊ तेव्हा पोट धरून हसले होते."

अक्का थिएटरमागच्याच खोलीत राहायच्या. त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. प्रोफेसरांचा काळा कोट. आता तो कोण घालणार होतं देव जाणे.

"पोरीला असं का बोललात?" बाईंनी विचारलं.

"खरं बोलले." इस्त्री थांबली नाही. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला पटायचं नाही. पण मी त्या पेटीत माझा मुलगा पाहिलाय. तापाने गेला, सहा वर्षांचा होता. दोन वर्षांनी खेळानंतर आत पुसायला गेले तर काचेत उभा. म्हणजे अंधारात," त्या थबकून म्हणाल्या, "अंधारात उभा. माझ्याकडे बघत."

"काच? पेटीत काच कुठे आहे?"

अक्कांनी कोट उलटा केला. "आमच्या घराचं गुपित आहे, बाई. ते मी सांगणार नाही."

बाहेर पडताना बाईंनी वळून पाहिलं. अक्का कोटाच्या बाहीला हळूहळू थोपटत होत्या, मूल झोपवतात तसं.

४

प्रोफेसरांच्या ड्रेसिंग टेबलावर पंप होता तिथेच होता. बाई खुर्चीवर बसल्या आणि समोरच्या आरशात स्वतःचा थकलेला चेहरा बघत राहिल्या. त्यांच्यामागे भिंतीवर खेळाचं मोठं पोस्टर होतं. प्रोफेसर आरशातून डावीकडे बघत हसत होते.

बाई वळल्या. पोस्टरवरचे प्रोफेसर उजवीकडे बघत होते.

पुन्हा आरसा, पुन्हा पोस्टर. मग त्या इतक्या जोरात उठल्या की खुर्ची आडवी झाली.

धाकटा भाऊ स्टेजखाली आपली हत्यारं आवरत होता. बाकीच्या पेट्या, टेबलं, खोटी कुलपं, सगळं त्याच्या हातचं. बाईंनी चपटी पेन्सिल त्याच्या समोर धरली.

"ही तुमची. पेटीच्या आत सापडली. म्हणजे सगळे सांगतात त्याच्यापेक्षा तुम्ही पेटीच्या जास्त जवळ गेला होता. काय ते आता खरं सांगा, नाहीतर गाडी बाहेर उभीच आहे."

त्याचे कान लाल झाले. भीतीने नव्हे, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. माणूस चक्क लाजला होता.

"हसू नका मॅडम. पेटी उघडली, बाहुली नव्हती. अक्काने बिट्टीला झापायला सुरुवात केली. मी नेहमीसारखी चेष्टा केली, पण... हात कानाकडे गेला. पेन्सिल काढली आणि कोणी बघत नाही असं पाहून उंबऱ्याच्या आत टाकली. आत बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, काहीतरी असू दे आत." तो खाली बघून म्हणाला, "आयुष्यभर अक्काला हसत आलो मी."

"बरं. आता आरशाचं सांगा."

तो दचकला. गुपित घराबाहेर जात नाही, वडिलांना शब्द दिलाय, वगैरे सुरू झालं. बाईंनी त्याला मधेच थांबवलं. "तुमच्या भावाची बोटं सोललेली पाहिलीत ना?"

मग तो बोलला. पेटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बिजागरीवर दोन उंच आरसे होते. मिटले की बाजूच्या भिंतींना चिकटायचे. त्यांच्या पाठीला तेच पक्ष्यांचं कापड, त्यामुळे कळायचं नाही. पुढे ओढले की मधल्या खांबाला येऊन अडकायचे, आतून सोडवायला एक मूठ होती, आणि बघणाऱ्याला आरशात बाजूच्या भिंती दिसायच्या, पण वाटायचं की मागचीच भिंत दिसतेय. पेटी रिकामी! आणि बिट्टी आरशांच्या मागे, श्वास रोखून.

"पण त्या सकाळी आरसे नव्हतेच मॅडम. शेवटच्या खेळात लोकांना सुटे दाखवायचे म्हणून दादा पहाटेच काढणार होता. काढलेतही. ते बघा, विंगेत चादरीत गुंडाळून उभे आहेत. त्यामुळे पेटी उघडली तेव्हा ती खरोखर रिकामी होती. हेच तर मला कळत नाही."

बाई विंगेत गेल्या आणि चादर ओढली.

आत प्लायवूडच्या दोन कोऱ्या फळ्या होत्या. आरशांच्या जागी बसवायला आणलेल्या. काच कुठेच नव्हती.

"मग आरसे?" धाकट्याचा आवाज फाटला.

"पेटीतच आहेत. आणि तुम्ही ती उघडलीत तेव्हा तुमचे दादाही होते."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तिघांना स्टेजवर बोलावलं. बिट्टीला नाही. दिवे त्या सकाळसारखेच मंद ठेवले होते. धाकट्या भावाने पेटी उघडली. आत लाल कापड, पक्षी, खांब. रिकामी.

पक्षी डावीकडे बघत होते.

मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. हवालदाराने या वेळी पुटपुटण्याचाही धीर केला नाही.

"आरसे पुढे ओढलेत," बाई म्हणाल्या. "आरशात डाव्याचं उजवं होतं. एवढंच बिट्टीने पाहिलं होतं. अक्का, दार लावा बघू."

अक्का पुढे झाल्या. दाराला हात लावला आणि दुसरा हात आपसूक केसांकडे गेला. केसातली पिन त्यांनी उपसली, पेटीत टाकली आणि दार लावलं.

अक्कांना आपण काय केलं हे बहुधा कळलंही नव्हतं.

"पिन का टाकलीत?"

"रिकामी कशी लावू?"

"त्या सकाळी काय टाकलंत?"

अक्कांचा हात कडीवरच राहिला.

"चप्पल काढून टाकणाऱ्या बाई तुम्ही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जन्मभर या पेटीला हसणाऱ्या तुमच्या भावाने चोरून पेन्सिल टाकली, कारण त्याला वाटलं पेटी रिकामी आहे. म्हणून मी त्याला सोडलं. पोरगी बाहुली आणायला धावत होती, तिला तुम्ही बसवलंत. आरडाओरडा केलात, सगळा दोष तिच्या डोक्यावर घातलात आणि दार तसंच लावलंत. आत काहीही न टाकता. का?"

मग अक्का अगदी साध्या आवाजात, पोराला चूक दाखवावी तशा म्हणाल्या, "रिकामी कुठे होती ती?"

अक्का कडीवरचा हात न काढता बोलत राहिल्या.

"त्याला म्हटलं, आरसे काढू नको. माझा मुलगा आहे तिथे. तो रडला. म्हणाला, अक्का, नुसती काच आहे गं. आतली मूठ उपटून त्याने खिशात घातली आणि मागे कोपऱ्यात शिरून बिजागरीचे स्क्रू फिरवायला लागला. मी आरसे ओढून घेतले. एवढंच केलं. मी हात नाही लावला त्याला. पेटीला ठरवू दिलं."

"आतून उघडायची मूठ त्यांच्या खिशात होती. ते बाहेर येऊ शकत नव्हते, हे तुम्हाला दिसत होतं."

"त्याने ठोकलं थोडा वेळ. मग थांबला. मला वाटलं पेटीने नेला. खेळात नेते तसा. शेवटी बघायला गेले, शाल आडवी धरून आरसे मिटले, तर..." त्यांनी कडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"तुम्हाला तर युक्ती पाठ होती, अक्का!" मॅनेजर न राहवून ओरडला.

"पाठ होती," अक्का म्हणाल्या. "पाठ असून काय होतं?"

बाईंना खरं म्हणजे यापुढे विचारायचं नव्हतं. पण विचारणं भाग होतं. "त्या सकाळी सगळे समोर उभे असताना तुम्ही दार लावलंत. तेव्हा आतून काही आवाज?"

अक्कांनी मान डोलावली. "नख घासल्यासारखा. एकदाच."

६

कपड्यांच्या खोलीत बिट्टी तशीच बसली होती. ताट बदललेलं होतं, तेही झाकलेलंच. बाई तिच्या समोर जमिनीवर बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं: आरसे, पेन्सिल, पिन, आत्या. पक्ष्यांनी माना का फिरवल्या तेही सांगितलं.

"बाहुलीचा काही संबंध नाही. ती पेटीत असती तरी बाबांनी काम करताना बाहेरच काढून ठेवली असती. आत्याला तिचा मुलगा हवा होता. तुझ्या हातून काही झालं नाही, बिट्टी. काहीही नाही."

बिट्टी आत्यासाठी रडली. ते बाईंना अपेक्षित नव्हतं. बापासाठी आलेलं रडूही त्यातच वाहून गेलं असावं, कारण ते फार वेळ थांबलं नाही. बाईंना वाटलं, सुटली पोर. मग तिने डोळे पुसले आणि ज्या प्रश्नाला बाई जिन्यापासून घाबरत आल्या होत्या तोच विचारला.

"मी समोर उभी होते. काकांनी पेटी उघडली तेव्हा. हातभर अंतरावर." ती थांबली. "बाबा तेव्हा जिवंत होते?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "डॉक्टर म्हणाले, तुम्ही सगळे यायच्या खूप आधीच गेले. झोप लागावी तसे. तुला काही करता आलं नसतं."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, खात्रीने सांगता येत नाही, आणि ते नख घासल्याचं ऐकून चष्मा काढून बसले होते. आज ना उद्या हे कोर्टात निघणार, हे बाईंना ठाऊक होतं. पण तोपर्यंत पोरगी चार घास खाल्लेली असेल, चार रात्री झोपलेली असेल. बाई तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिल्या.

बिट्टी मात्र त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती. ती जादूगाराची पोर होती. ती हात बघत होती. बाईंच्या मांडीवरच्या टोपीची कड त्यांच्या बोटांनी पिळून पिळून वाकडी केली होती.

बाईंच्या ते ध्यानात आलं आणि त्यांची बोटं थांबली. आता उशीर झाला होता. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी असं पकडलं नव्हतं.

"बाबा म्हणायचे," बिट्टी हळू म्हणाली, "प्रेक्षकाला कळत असतं. अगदी मागच्या रांगेतल्यालासुद्धा. त्याला हवं असतं म्हणून तो हातांकडे बघत नाही."

तिने बाईंच्या हातांवरून नजर काढली, वर चेहऱ्याकडे नेली आणि तिथेच ठेवली.

"झोप लागावी तसे?" तिने विचारलं.

"झोप लागावी तसे."

"बरं," बिट्टी म्हणाली, आणि ताट ओढून घेतलं.